17 इंचांची जागा

प्रति,
पॉटकेट शहराची शाळा समिती, ऱ्होड आयलंड, अमेरिका,
आणि मॅककॉय स्टेडियमच्या जागेवर नवी शाळा उभी करणारे सगळे

स.न.वि.वि.

या पत्राची इंग्रजी प्रत रीतसर तुमच्याकडे रवाना केली आहे. ही मराठी. तुमच्यापैकी कुणाला मराठी वाचता येत असेल असं वाटत नाही. पण तुमच्या गावात घराघरांतून पोर्तुगीज, स्पॅनिश, केप व्हर्डीयन क्रिओल बोललं जातं, तेव्हा तुमच्या मैदानाबद्दल एकदा मराठीत बोललं गेलं तर काही बिघडणार नाही. शिवाय मला जे म्हणायचंय ते मुळात मराठीतच सुचलं. इंग्रजीत ते नुसतं अर्जासारखं दिसतंय. आणि माझी माणसं, इथली आणि इचलकरंजीकडची, मला सारखी विचारतात की मॅककॉयमध्ये खेळणाऱ्या आणि आता गाव सोडून गेलेल्या एका दुय्यम दर्जाच्या बेसबॉल संघासाठी तू एवढी काय हळहळतेस. त्यांनाही एकदाचं उत्तर मिळेल.

मागणी आधी सांगून टाकते. होम प्लेट म्हणजे पांढऱ्या रबराचा एक पाचकोनी तुकडा, 17 इंच रुंद. बेसबॉलचा बॅटर त्याच्यापाशी उभा राहतो आणि रन पुरा करायला तिथेच परततो. मॅककॉयमध्ये तो जिथे होता, नेमक्या त्याच ठिकाणी, नव्या शाळेत तेवढी जागा दिसेल अशी राखा. ती वर्गात आली तर फरशीत, अंगणात आली तर दगडात, पार्किंगमध्ये आली तर डांबरात. तुमच्या आराखड्यात असं काही आधीच असेल तर हे अनुमोदन समजा.

आता कारण.

2009 च्या उन्हाळ्यात माझे वडील पहिल्यांदाच अमेरिकेत आले. आम्ही लिंकनला राहतो, तुमच्या शेजारीच. बाबांचं आयुष्य इचलकरंजीत यंत्रमागावर गेलेलं. बोस्टन दाखवून झालं, समुद्र दाखवून झाला, मॉल दाखवून झाले, आणि दुसऱ्या आठवड्यात ते खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजायला लागले. मुलगा सात वर्षांचा. बोस्टनच्या मोठ्या मैदानावर, फेनवे पार्कला, पाच जणांना न्यायचं म्हणजे महिन्याचा किराणा. तुमच्याकडे दहा डॉलरच्या आत तिकीट, गाडी लावायला पैसे नाहीत. म्हणून मॅककॉय. बेसबॉलचं प्रेम वगैरे तेव्हा काही नव्हतं, हे आधीच कबूल करते.

बहुतेक मैदानांत खेळाडूंची बसायची जागा, म्हणजे डगआउट, प्रेक्षकांना हाताला लागेल अशी पुढे असते. मॅककॉयमध्ये ती पहिल्या रांगेच्या थेट खाली, स्टँडच्या पोटात होती. वर बसलेल्या पोराला खालचा खेळाडू दिसायचाही नाही. सही मागायची कशी? तर पॉटकेटच्या पोरांनी शोध लावला होता. दुधाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन घ्यायचा, एका बाजूनं कापायचा, आत चेंडू आणि पेन ठेवायचं, आणि दोरीनं खाली सोडायचा. खालून कुणी तरी चेंडू काढून सही करतो, परत ठेवतो, दोरीला हिसका देतो. की ओढा वर. याला तिथे मासेमारीच म्हणत.

आमची दोरी कमी पडली. गाडीत दुसरा तुकडा सापडला, मुलानं दोन्ही जोडले, सोडले, आणि गाठ सुटून कॅन अर्ध्यातच खाली पडला. कुणी भला माणूस तो वर फेकेपर्यंत पोराच्या डोळ्यांत पाणी. बाबांनी दोरीची दोन टोकं हातात घेतली. एक टोक दुसऱ्यावर, अंगठ्याभोवती एक वळसा, चिमटीनं आत, आणि मला कळायच्या आत गाठ बसलेली. मागावर सूत तुटलं की जोडायची जी गाठ असते, ती. बारीक, पक्की. माग चालू असताना बसवावी लागते, म्हणून बोटं ती डोळ्यांना विचारून मारत नाहीत. मग कॅन सोडला, हळूहळू, बोटांमधून दोरी सरकवत. म्हणाले, "विहिरीत पोहरा सोडल्यासारखं आहे की रे."

दोन हिसके आले. वर आलेल्या चेंडूवर निळ्या शाईची एक सही होती, जी आजतागायत आम्हाला वाचता आलेली नाही. "कोण हा?" बाबांनी विचारलं. शेजारच्या आजोबांना विचारलं, तर त्यांनीही खांदे उडवले. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा, की उद्या तो बोस्टनला असेल, नाहीतर कायमचा घरी.

इचलकरंजीच्या माझ्या वाचकांनो, त्या एका वाक्यात सगळी मायनर लीग आली. वर मेजर लीगचे 30 संघ. प्रत्येकाच्या खाली पायऱ्या असतात, सगळ्यांत वरच्या पायरीचं नाव ट्रिपल-ए. पॉटकेट रेड सॉक्स, लाडाचं नाव पॉसॉक्स, हा 1970 मध्ये एक पायरी खाली सुरू झाला आणि 1973 पासून बोस्टन रेड सॉक्सची ती वरची पायरी झाला. खेळाडू बोस्टनचे, पगार बोस्टनचा, कोण कधी वर जाणार, कोण खाली, हा निर्णयही बोस्टनचा. इथल्या मालकाच्या हातात उरतं काय? दिवे, खुर्च्या, तिकिटाची किंमत, हॉट डॉग आणि संडासाची स्वच्छता. तुमचा सगळ्यांत चांगला बॅटर रंगात आला रे आला की फोन येतो आणि तो रातोरात जातो. संघ जिंकतोय म्हणून लोक येतील असं धरून धंदा करताच येत नाही. संध्याकाळ विकावी लागते.

हे ज्याला नीट कळलं त्या माणसाबद्दल नव्या शाळेतल्या मुलांना सांगा. बेन मोंडॉर. क्युबेकमध्ये जन्म, वूनसॉकेटमध्ये वाढला, बुडीत गिरण्या घेऊन त्या चालवण्यात पैसा केला आणि निवृत्त झाला. त्याला बेसबॉलच्या धंद्यातलं काही कळत नव्हतं. 1976 च्या हंगामात पॉटकेटचा संघ दिवाळखोर झाला होता. 1977 मध्ये मोंडॉरनं तो उचलला. त्या वर्षी संघ लीगमध्ये पहिला आला, तरी वर्षभरात माणसं आली सत्तर हजारांच्या आसपास. एवढी तर आमच्याकडे एका जत्रेला येतात. पुढची तेहतीस वर्षं त्यानं काय केलं, तर दर कमी ठेवले, जागा झाडून-पुसून ठेवली, आणि कुटुंब घेऊन येणाऱ्याला परकं वाटू दिलं नाही. एवढंच. 2005 मध्ये हंगामात 6,88,421 लोक आले. मैदानाची क्षमता 10,031. हिशोब तुम्हीच करा, पावसाचे दिवस वजा करून.

2010 मध्ये मोंडॉर गेला. गिरणीवाल्यानं गिरणीच्या गावाला दिलेली संध्याकाळ, असं मला त्याचं वर्णन करावंसं वाटतं. आता माझ्याकडून थोडं भावुक होतंय हे कळतंय मला, पण मी गिरणगावच्या जिभेनं बोलणाऱ्या घरातली आहे, सुटत नाही ते.

बाबांना दुसऱ्या दिवशी स्लेटर मिल दाखवायला नेलं होतं. 1793 ची इमारत, ब्लॅकस्टोन नदीच्या काठी. पाण्याच्या जोरावर सूत काढून अमेरिकेतला कारखान्यांचा जमाना इथून सुरू झाला असं तुमची पाठ्यपुस्तकं सांगतात. बाबा चात्यांच्या रांगेपुढे बराच वेळ उभे राहिले. हात लावायचा नाही अशी पाटी होती. त्यांनी हात मागे बांधले आणि वाकून बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हणजे हे आपल्यासारखंच गाव आहे." नंतर बराच वेळ गप्प. गिरण्या गेल्यावर गावाचं काय होतं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मॅककॉयचा पायाच मुळी दलदलीतला. तळं बुजवून केलेली जागा. 1930 च्या दशकात मंदीतल्या लोकांना काम मिळावं म्हणून महापौर थॉमस मॅककॉय यांनी सरकारी पैशातून हे काम काढलं. चिखलात पाया टिकेना, खर्च फुगत दहा लाख डॉलरच्या पुढे गेला, आणि लोक त्याला मॅककॉयचं खूळ म्हणायला लागले. 1942 मध्ये मैदान खुलं झालं. महापौर 1945 मध्ये वारले, दुसऱ्या वर्षी मैदानाला त्यांचं नाव दिलं गेलं. ज्याची टवाळी केली त्याच्याच नावानं पुढे पाऊणशे वर्षं तिकिटं फाडली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या रात्रीकडे येते. होम प्लेटची जागा राखायची ती मुख्यतः त्या रात्रीसाठी.

18 एप्रिल 1981, शनिवार, दुसऱ्या दिवशी ईस्टर. पाहुणा संघ रॉचेस्टर रेड विंग्ज. दिव्यांत बिघाड म्हणून सामना अर्धा तास उशिरा सुरू. प्रेक्षक 1,740. कडाक्याची थंडी आणि वारा असा की उंच मारलेला चेंडू मागे ढकलून देणारा. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग असतात आणि बरोबरी चालत नाही. नऊ संपल्या, 1–1. पुढे चालू. एकविसाव्या इनिंगला रॉचेस्टरनं एक रन काढला. सुटलो, असं सगळ्यांना वाटलं असणार. तर त्याच इनिंगमध्ये पॉटकेटच्या वेड बॉग्जनं डबल, म्हणजे थेट दुसऱ्या बेसपर्यंत, दुसऱ्या थांब्यापर्यंत, पोचवणारा फटका मारून पुन्हा बरोबरी केली. स्वतःच्याच संघातल्यांनी त्याच्याकडे कसं बघितलं असेल याची मी नेहमी कल्पना करते.

रात्री एका ठरावीक वेळेनंतर नवी इनिंग सुरू करायची नाही असा त्या लीगचा नियम होता. त्या वर्षीच्या अंपायरांच्या पुस्तिकेत तो छापायचा राहून गेला. छापलेलं नाही म्हणजे नियम नाही, असं म्हणून अंपायर खेळवत राहिले. सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे अगदी घरचं वाटेल. मध्यरात्र उलटली. खेळाडूंनी मोडलेल्या बॅटी आणि बाकाच्या फळ्या पेटवून डगआउटमध्ये शेकोटी केली. रॉचेस्टरच्या डॅलस विल्यम्सला तेरा वेळा बॅट करूनही एक हिट मिळाली नाही. लीगच्या अध्यक्षांना फोनवर शोधणं चाललं होतं, ते सापडेनात. सापडले तेव्हा त्यांनी हा काय प्रकार आहे असं विचारलं आणि थांबवायला सांगितलं. बत्तीस इनिंग, 2–2, पहाटेचे 4 वाजून 7 मिनिटं. मैदानात प्रेक्षक उरले होते एकोणीस. घरी पोचलेल्या एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, बायकोनं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही अशी गोष्ट अजून सांगतात. मीही ठेवला नसता.

उरलेला सामना 23 जूनला. तोपर्यंत वरच्या मेजर लीगमध्ये खेळाडूंचा संप सुरू झाला होता, बेसबॉलच्या बातमीदारांना लिहायला काही नव्हतं, आणि ते सगळे पॉटकेटला येऊन धडकले. 5,746 प्रेक्षक. तेहतिसावी इनिंग अठरा मिनिटांत संपली. तिन्ही बेसवर माणसं, डेव्ह कोझाचा फटका, मार्टी बॅरेट होम प्लेटवर, 3–2. एकूण 8 तास 25 मिनिटं, व्यावसायिक बेसबॉलमधला आजवरचा सगळ्यांत लांब सामना.

त्या सामन्यात दोन्ही बाजूंना एकेक असा खेळाडू होता जो पुढे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. पॉटकेटकडून बॉग्ज, रॉचेस्टरकडून कॅल रिपकेन. त्यांच्याबद्दल कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते कोझाबद्दल. इतिहासात ज्याचा फटका लिहिला गेला तो माणूस मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. एक पायरी उरली होती, ती उरलीच. मॅककॉयच्या चढावाच्या रस्त्यांवर पुढे नाव काढलेल्या खेळाडूंची चित्रं रंगवलेली असत, राइस, क्लेमेन्स, बॉग्ज. ती बघत वर जायचं. मी मुलाला ती दाखवायची, आणि घरी आल्यावर फळीवरचा तो निळ्या सहीचा चेंडू दिसायचा. तुमच्या शाळेत येणारी बहुतेक पोरं त्या चेंडूवाल्याच्या जातीची असणार आहेत. माझा पोरगाही त्याच जातीचा निघाला, ते असू दे.

आता पैशाचं, आणि माझं.

मोंडॉर गेल्यावर पाच वर्षांनी, 2015 मध्ये, त्याच्या पत्नीनं संघ विकला. घेणाऱ्यांत पुढे होते बोस्टन रेड सॉक्सचे लॅरी लकीनो आणि प्रॉव्हिडन्सचे वकील जेम्स स्केफिंग्टन. त्यांना पॉटकेट नको होतं. प्रॉव्हिडन्सला नदीकाठी, हायवे हटवून मोकळ्या झालेल्या जागेवर नवं मैदान हवं होतं, आणि राज्यानं तीस वर्षांत मिळून 12 कोटी डॉलर द्यावेत अशी मागणी होती. लोक भडकले. का भडकले त्याला कारण होतं. 2010 मध्ये राज्यानं एका व्हिडिओ गेमच्या कंपनीला साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती. कंपनीचं नाव 38 स्टुडिओज, मालक कर्ट शिलिंग, रेड सॉक्सचा 2004 चा नायक पिचर. दोन वर्षांत कंपनी बुडाली आणि बिल करदात्यांकडे. दुधानं तोंड पोळलेलं राज्य, ताकही फुंकून पिणार. आणि हे तर पुन्हा रेड सॉक्सच्याच कपातलं. स्केफिंग्टन त्याच वर्षी मे महिन्यात अचानक वारले, आणि सप्टेंबरपर्यंत प्रॉव्हिडन्सची योजनाही मिटली.

मग दुसरी योजना आली आणि ती खरं तर बरी होती. मैदान पॉटकेटमध्येच, स्लेटर मिलपासून जवळ. खर्च 8.3 कोटी डॉलर. संघाचे 4.5, राज्याचे 2.3, शहराचे 1.5. जानेवारी 2018 मध्ये राज्याच्या सिनेटनं मान्यता दिली. खालच्या सभागृहात ती महिनोन्‌महिने पडून राहिली. जूनमध्ये मंजूर झाली तेव्हा राज्याची हमी काढून घेतलेली होती, म्हणजे कर्ज महाग. 17 ऑगस्ट 2018 ला संघानं जाहीर केलं, आम्ही शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरला चाललो.

त्या वर्षी आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधीला विरोधाची पत्रं गेली त्यात एक माझं होतं. चांगलं पानभर लिहिलं होतं मी. श्रीमंत माणसांच्या धंद्याला गरीब शहरानं पैसे का द्यावेत, शाळांची छपरं गळतायत, वगैरे. त्यातलं एकही वाक्य मला आज मागे घ्यावंसं वाटत नाही. मैदानामुळे गावाची भरभराट होते हा दावा मालक करतात तेवढा खरा ठरत नाही, हे अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आलेत. हिशोबात मी बरोबर होते.

आणि तरी 2019 च्या हंगामानंतर मॅककॉयवरून जाताना मी मान दुसरीकडे वळवायला लागले. माझ्या पत्रामुळे संघ गेला असं समजण्याइतकी मी वेडी नाही. पण हिशोब मांडताना त्या वहीत दुधाचा कॅन कुठल्या रकान्यात घालायचा हे मला कळलं नव्हतं, म्हणून तो मी घातलाच नव्हता. 1938 मध्ये मॅककॉयच्या खर्चावर नाक मुरडणारेसुद्धा हिशोबात बरोबरच असणार.

निरोपही धड झाला नाही. 2020 हा शेवटचा हंगाम ठरला होता, रांगेनं सगळे येऊन जाणार होते, आणि कोविडनं मायनर लीगचं ते अख्खं वर्षच रद्द केलं. संघानं मग मैदानात, अगदी हिरवळीवर, टेबलं मांडून लोकांना जेवायला बोलावलं. नंतर त्याच आवारात कोविडच्या तपासणीच्या रांगा लागल्या. नाकात काडी घालून घ्यायला मी तिथेच गेले होते. गाडीच्या काचेतून स्टँडची मागची भिंत दिसत होती.

वूस्टरमध्ये पोलर पार्क मे 2021 मध्ये सुरू झालं. तिथल्याच सोडावाल्या कंपनीचं नाव. दहा कोटींच्या आसपास म्हणत सुरू झालेलं काम सोळा कोटी डॉलरच्या घरात गेलं. माझ्या पत्राचं पुन्हा एकदा समर्थन! मी तिथे गेले आहे, रूट 146 नं तासाभरात पोचते, आणि खोटं कशाला बोलू, मैदान सुंदर आहे. खाणं तर मॅककॉयपेक्षा कितीतरी बरं. ब्लॅकस्टोन नदी वूस्टरकडून पॉटकेटला येते. संघ तेवढा प्रवाहाच्या उलट गेला. 2023 संपता संपता लकीनोंच्या मंडळींनी तो विकूनही टाकला, तीसहून जास्त मायनर लीग संघ एका हाती ठेवणाऱ्या कंपनीला. मोंडॉरसारखा एक माणूस आणि एक गाव हा प्रकारच संपत चाललाय. 2020 च्या अखेरीस मेजर लीगनं खालची सगळी रचना ताब्यात घेतली आणि जोडलेले संघ 160 वरून 120 केले. आमच्या जवळच्या लोवेलचा संघ त्यात गेला. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की खेळाडूंचं थोडं भलं झालं. संघटना झाली, 2023 च्या करारात ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार 17,500 डॉलरवरून 35,800 वर गेला. बाबांच्या पिढीनं संघटनेशिवाय पगार वाढलेला पाहिला नव्हता, त्यांना हे आवडलं असतं.

आणि तुमच्या नदीकाठी 2025 मध्ये फुटबॉलचं स्टेडियम उघडलं, त्यालाही सरकारी रोख्यांचाच पैसा. मी त्यावर काही लिहीत नाही. एका आयुष्यात एक विरोधपत्र पुरे.

त्याच वर्षी मॅककॉय पाडायला घेतलं. शाळेसाठी पाडताय, मॉलसाठी नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्याकडे गिरण्यांच्या जागेवर काय उभं राहिलं ते मी पाहिलंय, म्हणून सांगते. दोन हायस्कूल, टोलमन आणि शे, एकमेकांची हाडवैरी, ती एका छपराखाली येणार. त्या पोरांना भांडायला नाही तर निदान बोलायला काही तरी सामाईक लागेल.

म्हणून ती 17 इंचांची जागा. वर पाटी लावणार असाल तर देणगीदाराचं नाव नको, फक्त तारखा: 18 एप्रिल, 19 एप्रिल, 23 जून 1981. आणि त्या एकोणीस जणांचा उल्लेख असू दे, आकड्यात का होईना. गणिताच्या शिक्षकांना सांगा की 38 स्टुडिओजचं कर्ज, पॉटकेटची 8.3 कोटींची योजना आणि वूस्टरचे सोळा कोटी हे तिन्ही हिशोब मुलांकडून सोडवून घ्या. त्यांच्याच आईबापांचे पैसे आहेत. उत्तर आलं की विचारा, आता काय करायला हवं होतं? माझं उत्तर अजून बदलतंय.

शाळा दोन मजली असेल, तर आतल्या चौकात उघडणारा एखादा कठडा ठेवा, पोरांच्या छातीइतका उंच. कशासाठी ते त्यांना सांगू नका. मुलं शोधतील.

बाबा 2016 मध्ये गेले. मुलगा आता नोकरीला टेक्सासला आहे. कॅन आमच्या गॅरेजमध्ये आहे, कापलेली बाजू पिवळी पडलीय, पण दोरी शाबूत आहे. परवा ते सामान आवरताना मी ती गाठ सोडवून बघायचा प्रयत्न केला, कशी मारली होती ते समजून घ्यावं म्हणून. नखं तुटली, गाठ सुटली नाही. शाळेत काचेचं एखादं कपाट असेल तर सगळं तसंच आणून देईन. दोरी दोन तुकड्यांची आहे हे लांबून कळत नाही, जवळून बघावं लागतं.

आपली,
लिंकनची एक रहिवासी, मूळ गाव इचलकरंजी

ता. क. चेंडू देणार नाही. तो मुलाचा आहे, आणि सही कुणाची हे त्याला अजून शोधायचंय.